उतरणे, अवतार आणि उपसर्गाचा अर्थ

नाशिक रोड स्थानकात गाडी थांबली की माणसे उतरतात. 'उतरणे' हे क्रियापद संस्कृतातल्या 'तॄ' धातूपासून आले आहे. तॄ म्हणजे पाणी ओलांडणे, आणि त्याला लागलेला 'उत्' हा उपसर्ग वरची दिशा दाखवतो. पाण्यातून वर काठावर येणे हा मूळ अर्थ. नावेतून काठावर पाऊल टाकणाराही असाच वर येतो. तिथून वाहन सोडणे आणि पुढे खाली येणे असा अर्थ सरकत गेला. आज 'उतरणे' हे 'चढणे'च्या नेमके उलट आहे. त्यातला 'उत्' कुणालाही वर नेत नाही. याच शब्दाचा 'उतारू' ज्या गोदावरीसाठी येतो, तिच्या काठचे रामकुंड हे तीर्थ. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याची जागा, धातू तोच. पंचवटीत ज्या रामाचे दर्शन घ्यायचे तो अवतार. इथेही तॄच, फक्त आधी 'अव', म्हणजे खाली.

एका धातूची ही बिऱ्हाडे पाहिली की प्रश्न पडतो: अर्थ राहतो कुठे, धातूत की त्याच्या आधीच्या इवल्याशा शब्दात? वितरण, निस्तरणे, प्रतारणा हीही तॄचीच रूपे. प्रतारणेतला फसवणुकीचा अर्थ 'प्र'मध्येही सापडत नाही आणि 'तॄ'मध्येही नाही.

यास्काच्या निरुक्तात हा वाद नावानिशी नोंदला आहे. शाकटायनाच्या मते सुटा उपसर्ग काहीच सांगत नाही; तो नामाला किंवा क्रियापदाला जोडला गेल्यावर त्यांचाच अर्थ उजळतो. गार्ग्य म्हणतो, उपसर्गांना स्वतःचे नाना अर्थ आहेत. पुढे याच दोन बाजूंना द्योतक आणि वाचक अशी नावे मिळाली: दिव्यासारखा आधीचे दाखवणारा, आणि स्वतः बोलणारा. शतकांनंतर काशीत राहिलेल्या नागेशभट्ट काळे या महाराष्ट्रीय वैयाकरणापर्यंत ही चर्चा चालत आली.

पाणिनीने उपसर्गाची ओळख अर्थावरून केलीच नाही. 'प्र' वगैरे बावीस शब्द क्रियेशी जोडले गेले की उपसर्ग (1.4.59). त्यांपैकीच काही नामाशी बांधले गेले की त्यांना कर्मप्रवचनीय हे वेगळे नाव (1.4.83). उपसर्ग धातूच्या आधी येतो, पण वेदात तो नंतरही येऊ शकतो, आणि मध्ये दुसरे शब्दही बसू शकतात (1.4.80 ते 82). वैदिक ऋचेत उपसर्ग आरंभी, त्याच्या पाठीला सर्वनामाचे हलके रूप आणि क्रियापद पुढे, अशी रचना वारंवार भेटते.

हे सारे फार जुने, मेलेले व्याकरण वाटत असेल तर इंग्रजीकडे पाहावे. तिथे 'पिक अप द बॅग' चालते, 'पिक द बॅग अप'ही चालते. पण बॅगेऐवजी सर्वनाम आले की 'पिक इट अप' एवढेच शुद्ध. आघात नसलेले सर्वनाम मध्ये शिरते, आणि दिशेचा शब्द शेवटी ठसठशीत उभा राहतो. उलट गाडीतून उतरताना 'गेट ऑफ इट' म्हणावे लागते, कारण तिथला 'ऑफ' क्रियापदाचा नसून त्या 'इट'चा आहे. उपसर्ग आणि कर्मप्रवचनीय यांच्यातला भेद इथे बराचसा तसाच दिसतो.

आता 'अव'. जो सर्वत्र आहे तो खाली येणार कुठून? नाशिक रोडच्या मुक्तिधाम मंदिराच्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय लिहिलेले आहेत. त्यांत अवतार हा शब्द एकदाही येत नाही. चौथ्या अध्यायात भगवंत स्वतःविषयी बोलतात तेव्हा क्रियापद 'सं' लावलेल्या 'भू'चे आहे. त्यात होणे आहे, उतरणे नाही. शंकराचार्यांनी भाष्याच्या उपोद्घातात त्या होण्यालाही 'इव' जोडले: देह धारण केल्यासारखा, जन्मल्यासारखा. 'इव' हा निपात, म्हणजे उपसर्गाचाच सख्खा नातलग. अद्वैताचा अवतारविचार या दोन अक्षरांवर तोललेला आहे. रामानुजांना ते 'जणू' मान्य नाही. त्यांच्या मते अवतार खराच. मराठी ख्रिस्ती लोक येशूसाठी बहुधा 'देहधारण' हा शब्द वापरतात. त्यात दिशा नाही, अंगीकार आहे.

'अव' वाचक मानला तर देवाला वर एक जागा द्यावी लागते, आणि सर्वव्यापित्वाला बाध येतो. द्योतक मानला तर उतरण्याची शक्यता धातूतच होती असे होते. भर्तृहरीने वाक्यपदीयात तिसरा पर्यायही ठेवला आहे: उपसर्ग हा धातूचा सहकारी, दोघे मिळून एक अर्थ सांगणारे. हाच पर्याय अधिक पटतो. भर्तृहरीला वाक्य अखंड वाटते, पदांची फोड ही शिकवण्याची सोय. प्रतारणेचे दोन तुकडे करून फसवणूक सापडत नाही, तसेच अवताराचे दोन तुकडे करून देवाचा मुक्काम सापडत नाही.

मराठीत उपसर्ग शब्दात गोठून गेले, पण त्यांचे काम थांबले नाही. ते धातूच्या मागे उभ्या राहणाऱ्या क्रियापदांनी उचलले. त्यांत सर्वांत बोलकी जोडी देणे-घेणे. त्र्यंबकेश्वरला यजमान पूजा 'करून घेतो', गुरुजी 'करून देतात'. विधी एकच, पण फळाचा ओघ कुणाकडे हे त्या शेवटच्या क्रियापदाने कळते. संस्कृतात हेच काम पदभेद करी: फळ कर्त्याचे असेल तर आत्मनेपद (1.3.72), म्हणून यजमानासाठी 'यजते' आणि ऋत्विजासाठी 'यजति'. रामकुंडावर मुलगा बापाचे श्राद्ध 'करून घेतो' तेव्हा मात्र व्याकरण आणि धर्मशास्त्र थोडे वेगळे बोलतात. विधी सांगितला गुरुजींनी, पिंड ठेवला मुलाने, तृप्ती पितरांची. आणि 'घेतो' हे क्रियापद मुलाकडे वळलेले.