वनाचा एकांत आणि चित्ताची प्रसन्नता

ध्यानास कोठे बसावे, या प्रश्नाचे उत्तर भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अगदी थोडक्यात आले आहे : जागा पवित्र असावी आणि एकांत असावा. ज्ञानेश्वर माउलींचे मात्र एवढ्याने समाधान झाले नाही. ज्ञानेश्वरीत त्या ठिकाणी त्यांनी एक अख्खे वनच उभे केले आहे. तेथील दाट झाडे मुळापर्यंत गोड असून सदा फळलेली असतात. पावलोपावली पाणी, तेही भर पावसाळ्यात स्वच्छ. ऊन असावे, पण ते शीतल वाटावे. वारा मंद असावा. श्वापदांची गजबज नसावी. पाण्याकाठी हंस, दोन-चार सारस, क्वचित एखादा कोकीळ चालेल. आणि मोर नेहमी नसले, पण येऊन-जाऊन असले, तर त्यांनाही माउली नको म्हणत नाहीत. योगासारखा कठीण विषय सांगताना मोरांसाठी एवढी जागा ठेवणे हे माउलींनाच सुचावे.

या वर्णनामागे मोठी दृष्टी आहे. आसन, प्राणायाम, धारणा हे सर्व पुढे येते. त्याआधी येते ते स्थान. एखादा विलासी पुरुष वाटेने जाता जाता तेथे आला तरी त्याला परत निघण्याचा विसर पडावा, पाखंड्यालाही तप करावेसे वाटावे, असे ते स्थान असावे. म्हणजे मन आवरण्याचा सारा भार साधकाच्या एकट्याच्या माथ्यावर नाही. त्यातील काही भार वृक्ष उचलतात, काही पाणी उचलते. चंचल मनाला दटावण्यापेक्षा त्याला योग्य जागी नेऊन बसवणे अधिक सोपे, हे या क्रमातून दिसते. असे स्थान मिळाले की तेथे एखादा गुप्त मठ किंवा शिवालय असावे, असेही माउली सांगतात.

तुकोबांच्या चरित्रात हेच प्रत्यक्ष घडलेले दिसते. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. अशा आघातानंतर तुकोबांनी भामचंद्र आणि भंडारा या देहूजवळच्या डोंगरांचा आश्रय घेतला. वृक्षवेलींना त्यांनी सोयरे मानले, ते केवळ कवित्व म्हणून नव्हे. घरचे सोयरे गमावलेल्या मनाचे ते बोल आहेत. मात्र तुकोबा डोंगरावर कायमचे राहिले नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ते देहूस परतले, संसारात राहिले, कीर्तनास उभे राहिले. वन हे त्यांचे पळून जाण्याचे ठिकाण नव्हते.

आधुनिक शास्त्रही आता या वाटेने चालू लागले आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या आणि इ. स. १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर दुसऱ्या २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली व ते थोडे लवकर घरी गेले. पुढे २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासात असे आढळले की, वृक्षराजीतून दीड तास चालून आलेल्यांच्या मनातील तेच ते दुःख घोळवत राहण्याची सवय कमी झाली होती. रहदारीच्या रस्त्याने चालून आलेल्यांत तसा फरक दिसला नाही. अर्थात ज्यास तीव्र नैराश्याने ग्रासले आहे त्याने वैद्यांकडे जावे, औषध घ्यावे. वनविहार उपचारांना साहाय्य करतो, त्यांची जागा घेत नाही.

श्रीक्षेत्र भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग अशाच सदाहरित वनात आहे. १९८५ मध्ये तेथील वन अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू तेथे झाडांच्या शेंड्यांवरून फिरतो, घरटीही उंचावरच बांधतो. खाली क्वचितच उतरतो. पंढरीत जिला चंद्रभागा म्हणतात ती भीमा येथेच उगम पावते. एवढे असूनही कित्येक भाविक रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात आणि लगेच गाडीत बसतात. मन जसे आले तसेच परत जाते! दर्शनानंतर भ्रमणध्वनी बंद करून घटकाभर एखाद्या झाडाखाली स्वस्थ बसावे. पाण्याचा, पानांचा आवाज ऐकावा. नामस्मरण आपोआप सुरू होते. जाताना प्लास्टिकची पिशवी, बाटली आपल्यासोबत परत न्यावी.

दानशूर भाविकांसाठीही येथे विचार करण्याजोगे आहे. सह्याद्रीत आणि कोकणात गावोगावी देवाच्या नावाने राखलेल्या देवराया आहेत. तेथील वाळलेले लाकूडही घरी न नेण्याची रीत कित्येक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. दुर्दैवाने काही ठिकाणी मंदिराच्या जीर्णोद्धारासाठीच देवराईतील जुनी झाडे विकली गेली. सभामंडप संगमरवरी झाला आणि त्यावरची सावली गेली. देणगी देताना, बांधकामात एखादे झाड जाणार आहे काय, एवढे विश्वस्तांना अवश्य विचारावे. जाणार असेल तर मंडप दोन हात अलीकडे घेण्याची विनंती करावी. त्यासाठी जादा खर्च येत असल्यास तोही आपल्या दानात धरावा.