पांढरीवांचून वस्ती

जुन्या गांवकऱ्यांच्या भाषेंत गांवच्या जमिनीचे दोन भाग असत. जींत नांगर चालावयाचा ती काळी, आणि जीवर घरें उभीं राहावयाचीं ती पांढरी. हा भेद केवळ मातीच्या रंगाचा नव्हता. पांढरी म्हटली कीं तींत माणसें, त्यांचीं नातीं, देऊळ, चावडी, वेस आणि स्मशानाची वाट हीं सारीं आलीं. समस्त पांढर म्हणजे समस्त गांव. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत या संस्थेचें जें बारकाईचें वर्णन आहे, तें वाचतांना आजच्या वाचकाच्या मनांत एक शंका सहज उद्भवते: जी वस्ती सगळीच्या सगळी काळीवर बसली, जिला पांढरी म्हणून कधीं नव्हतीच, तिला गांव म्हणावें काय? आणि तींत राहणारे लोक एकमेकांचें कांहीं देणें लागतात काय?

ही शंका आमच्यापुरती तरी पुस्तकी नव्हे. आमचा जन्म कऱ्हाड तालुक्यांतील एका खेड्यांत, शिक्षण सातारच्या एका पेठेंत, आणि गेलीं पंचवीसांहून अधिक वर्षें आम्ही सांगलीच्या विश्रामबागेंत राहत आहों. विश्रामबाग हें सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावरचें उपनगर. दोन्ही शहरांमध्यें अंतर सहा मैलांचें. जुनी सांगली कृष्णेच्या कांठाला अगदीं बिलगून बसलेली. महाबळेश्वराहून निघालेली ही नदी माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेऊन सांगलीस येते, आणि लगेच हरिपुराजवळ वारणा तिला मिळते. इतक्या नद्यांचें पाणी जेथें एकवटतें तेथून थोडें उंचावर सरकून राहावें, ही बुद्धि माणसास सुचली यांत नवल नाहीं. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालीं निघालें, वालचंदांच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालीं निघालें, आणि या विद्यालयांच्या आसपास प्राध्यापकांचे, वकिलांचे, पेन्शनरांचे बंगले उठूं लागले. मिरजेच्या अंगाला वानलेसवाडी. कानडांत जन्मलेला आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीनें मिरजेस आलेला डॉक्टर वानलेस याचें नांव त्या वस्तीस मिळालें. हा भाग क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळें प्रसिद्धीस आला. म्हणजे ज्या माळावर आम्ही राहतों त्याच्या एका टोकास विद्या आणि दुसऱ्या टोकास व्याधि. मध्यें पांढरी अशी कोठेंच नाहीं.

१९९८ सालीं सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही स्थळांची मिळून एक महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत तिची लोकसंख्या ५,०२,७९३ भरली. आंकडा मोठा नेमका आहे. शेवटचा तीनसुद्धां सुटलेला नाहीं. परंतु या पांच लाखांत कोण कोणाचा आहे, हें आंकडा सांगत नाहीं, आणि तें सांगण्याचें त्याचें कामही नव्हे.

या भूगोलाचा दुसरा अर्धा भाग सखल आहे, आणि त्याविषयीं थोडें सविस्तर लिहिणें अवश्य आहे. एकराचे चाळीस गुंठे. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, एकंदर १,०८९ चौरस फूट. शेतकऱ्यानें आपल्या काळीचे असे तुकडे पाडून ते कागदावर लिहून द्यावयाचे, आणि घेणारानें बिनशेतीची परवानगी, नकाशा, गटार, रस्ता यांपैकीं कशाचीही वाट न पाहतां त्यावर घर बांधावयाचें, या व्यवहारास गुंठेवारी म्हणतात. सांगलीइतकी ती दुसरीकडे क्वचितच बोकाळली असेल. अखेरीस २००१ सालीं सरकारास अशीं बांधकामें नियमांत आणण्यासाठीं राज्यभर लागू होणारा खास कायदाच करावा लागला. शामरावनगर किंवा त्यासारख्या वस्त्यांत पावसाळ्यांत जो गेला असेल त्याला काळी म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. पाय रुततो तो निघत नाहीं. पाणी मुरत नाहीं आणि वाहून जाण्यास ओढाही उरलेला नाहीं. कारण ओढ्यावरच कोणाचा तरी गुंठा आहे. असा गुंठा माणूस हौसेनें घेत नाहीं. उंचावरची जागा परवडत नाहीं म्हणून सखल जागा घेतो.

साताऱ्याची रचना निराळी. तेथें जुनें शहरच उंचावर, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं चढत गेलेलें, आणि नवी वस्ती खालीं उतरत गेलेली. कासच्या तलावाचें पाणी उतारानें आपण होऊन पेठांत येई, त्या पाण्याच्या मानानें पेठा वसल्या. वारांच्या नांवांच्या पेठा, चिमणपुरा, व्यंकटपुरा, मल्हारपेठ. आम्ही विद्यार्थी असतां कोणाचें आडनांव विचारण्याआधीं त्याची पेठ विचारीत असूं. इंग्रजांच्या छावणीपासून वाढलेला सदर बझार हें तेथलें बहुधा पहिलें उपनगर. पुढें गोडोलीकडे, महामार्गाकडे, शाहूपुरीकडे घरें पसरलीं. एक मौज अशी कीं, छत्रपति शाहूंनीं राजधानी केलेल्या या शहराचें जुनें नांव शाहूनगर. तें मूळ शहरावरून निघालें आणि किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाच्या एका नव्या वसाहतीवर जाऊन बसलें. २०११ सालीं सातारा नगरपालिकेच्या हद्दींत १,२०,१९५ माणसें होतीं. २०२० सालीं हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर इत्यादि भाग आंत आले. त्या दिवशीं तेथलीं माणसें सातारकर झालीं कीं तीं आधींच होतीं, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. पट्टी किती वाढेल एवढेंच विचारलें गेलें.

खेडें कोणतें आणि शहर कोणतें हें ठरविण्याची आमच्या खानेसुमारीची एक कसोटी आहे. वस्ती निदान पांच हजारांची हवी. दर चौरस किलोमीटरास निदान चारशें माणसें हवींत. आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकीं निदान शेंकडा ७५ शेतीबाहेर पोट भरणारे हवेत. (बायका काय करतात यावर गांवाचें शहरपण अवलंबून नाहीं, असें दिसतें.) या कसोटीस उतरलेलीं, परंतु नगरपालिका नसलेलीं गांवें २००१ सालीं देशांत १,३६२ होतीं, तीं २०११ सालीं ३,८९४ झालीं. अमेरिकेंतही असाच प्रकार आहे. ज्या वस्तीला स्वतःची नगरपालिका नाहीं, महापौर नाहीं, कायद्यानें हद्द नाहीं, तिच्याभोंवतीं तेथलें खानेसुमारीचें खातें मोजणीपुरती एक रेघ ओढतें आणि तिला जनगणनेपुरतें स्थळ म्हणून नोंदवितें. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटाउन हें असेंच एक. १९४७ पासून थोड्याच वर्षांत तेथें एका ठशाचीं सतरा हजारांवर घरें उभीं राहिलीं. युद्धांतून परतलेल्या गरीब शिपायास घर मिळालें, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच्या पहिल्या भाडेपट्ट्यांत असें कलम होतें कीं, गोऱ्या वंशाखेरीज दुसऱ्या कोणास या घरांत राहूं देऊं नये. घरगड्यांची मात्र हरकत नाहीं. असलीं कलमें न्यायालयांनीं अमलांत आणूं नयेत असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला. वस्ती मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षें गोरीच राहिली.

हें उदाहरण आम्ही मुद्दाम दिलें. कारण पांढरीचें गुणगान करावयास बसलें कीं आपल्या लोकांस भान राहत नाहीं. पांढरींत मिरासदार आणि उपरी असा भेद होता. पिढीजाद हक्काचा तो मिरासदार, बाहेरून येऊन राहिला तो उपरी. आणि वेशीच्या बाहेर महारवाडा होता. गांवाचें सर्व ओझें ज्यानें वाहावयाचें त्याचें घर गांवांत नसावयाचें, ही आमची पहिली हद्द, आणि तिला कोणत्याही भाडेपट्ट्याची गरज लागली नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ च्या सुमारास साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस बसविलीं, तेव्हां पांढरीनें त्यांचें स्वागत केलें नव्हतें. उपनगरांत आपण सगळेच उपरी. येथें कोणी कोणाची पेठ विचारीत नाहीं, हें आम्हांस एके काळीं फार मोठें सुख वाटलें, आणि आजही तें सुख खोटें होतें असें म्हणवत नाहीं.

सर हेन्री मेन यानें १८६१ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, प्रगतिशील समाजांची वाटचाल जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होत असते. उपनगर हें या सिद्धांताचें विटामातींतलें रूप म्हणावें लागेल. येथें माणूस जन्मानें येत नाहीं, खरेदीखतानें येतो. शेजाऱ्याशीं त्याचा संबंध समाईक भिंतीपुरता आणि देखभालीच्या वर्गणीपुरता. करारांत लिहिलें असेल तेवढें द्यावें, नसेल तें मागूं नये. हें धोरण आम्ही अनेक वर्षें निर्धास्तपणें पाळलें. २०१९ च्या ऑगस्टांत त्याची परीक्षा झाली.

त्या महिन्यांत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें. तेथें ४५ फुटांस धोक्याची पातळी समजतात, यावरून वाचकांनीं कल्पना करावी. गांवभाग बुडाला, पेठा बुडाल्या, गुंठेवारीच्या वस्त्या तर प्रथम बुडाल्या. ब्रह्मनाळास नाव उलटून माणसें गेलीं. आमच्या घरासमोरचा रस्ता मात्र कोरडा होता. पहिल्याच संध्याकाळीं डोक्यावर गांठोडीं, कडेवर मुलें, अशीं माणसें त्या रस्त्यानें वर येऊं लागलीं. आमच्या वसाहतीचें एक लहानसें समाईक सभागृह आहे. तें उघडावें कीं नाहीं, यावर त्या रात्रीं सभा झाली. जबाबदारी कोणाची, विजेचें बिल कोणी द्यावयाचें, बाहेरचीं माणसें किती दिवस राहतील, एकदां बसलेला माणूस उठेल काय, असे प्रश्न निघाले. कोणीही दुष्ट नव्हता. प्रत्येक प्रश्न आपापल्या जागीं योग्य होता. आम्ही तेथें होतों. नीतिशास्त्र हा आमचा शिकविण्याचा विषय. आणि आम्ही एक शब्दही बोललों नाहीं. कुलूप तिसऱ्या दिवशीं निघालें, तेंही पलीकडच्या वसाहतीनें आपलें काढलें म्हणून.

तिसऱ्या दिवशीं आलेल्यांत हळदीच्या पेठेंत हमाली करणारे एक गृहस्थ होते. त्यांची मुलगी आमच्याच वर्गांत शिकत होती. मधल्या दोन रात्रीं त्यांनीं एका बंद दुकानाच्या पत्र्याखालीं काढल्या होत्या, सभागृहापासून फार तर दोनशें पावलांवर. हें आम्हांस तिनें सांगितलें नाहीं, तिच्या धाकट्या भावानें सांगितलें. पुढले अकरा दिवस आमच्या सौभाग्यवती आणि त्या बाई एका चुलीशीं होत्या. पाणी उतरल्यावर गृहस्थ म्हणाले, "सर, लई उपकार झाले." त्या शब्दाला काय उत्तर द्यावें हें आम्हांस कळलें नाहीं.

तेव्हांपासून आम्ही असा विचार करूं लागलों आहों. उपकार तो, जो देणें नसतां दिला जातो. आमचें देणें खरोखर नव्हतें काय? आम्ही जागा घेतली तेव्हां माळ स्वस्त होता. पुढें भाव चढले आणि आम्ही मनांतून संतोष पावलों. चार मित्रांस तो भाव सांगितलाही. तोच भाव त्या हमालास ओढ्यांतल्या गुंठ्यावर घेऊन गेला. आमचें कोरडेपण आणि त्याचें बुडणें या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हेत. एका खरेदीखताच्या त्या दोन बाजू आहेत. शिवाय आमच्या गच्चीवरचें, आमच्या फरसबंद अंगणांतलें पाणी उताराकडेच जाणार. ज्या वस्तीला पांढरी नाहीं तिलाही उतार असतोच. जन्माचें नातें नसलें, करारांत कलम नसलें, तरी वरच्याचें पाणी खालच्याच्या दारांत जातें, एवढ्यावरून कांहीं कर्तव्य उत्पन्न होत असेल तर तें दयेचें नव्हे, हिशेबाचें आहे. कोणी म्हणेल कीं बाजारभाव हा कोणा एकाचा अपराध नव्हे. खरें आहे. अपराध नसून देणें असूं शकतें. वडिलांचें कर्ज मुलगा फेडतो, त्यांत मुलाचा अपराध कोठें असतो?

२०११ सालीं शिरगणतीस आलेल्या शिक्षकानें आम्हांस जन्मस्थान, आधींचें राहण्याचें ठिकाण आणि स्थलांतराचें कारण विचारलें होतें. आम्हीं तीनही उत्तरें तत्काळ दिलीं. पुढली गणती २०२१ सालीं व्हावयाची ती लांबली, आणि आतां २०२७ ची ठरली आहे. तोंवर मध्यें आणखी एक पूर येऊन गेला. २०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हां पन्नास फुटांवर चढलें, तेव्हां या खेपेस सभेची वाट न पाहतां आम्हीं त्या गृहस्थांस दूरध्वनि केला आणि सर्वांना घेऊन सरळ घरीं या म्हणून सांगितलें. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "आम्ही काल रातीच मिरजेला पाव्हण्यांकडं आलोय, सर. तुमास्नी परत कशाला तरास." ते भीड म्हणून बोलले, कीं त्यांना पत्र्याखालच्या त्या दोन रात्री आठवल्या, हें आम्हांस त्यांच्या आवाजावरून ओळखतां आलें नाहीं, आणि विचारण्याचा धीर झाला नाहीं.