संग्रहाची मर्यादा

संग्रह हा गुण की दोष, या प्रश्नाचा निवाडा आपल्याकडे बहुधा संन्याशाच्या किंवा सावकाराच्या बाजूने होत असतो. एक म्हणतो, जवळ काही ठेवू नये. दुसरा म्हणतो, जवळचे काही सोडू नये. वस्तुतः या प्रश्नाची कसोटी अमरावती-अकोल्याकडील एखाद्या लहानशा सुतारखान्यात अधिक चांगली लागते.

जुन्या बलुतेदारीत वऱ्हाडी सुताराला हा पेच सहसा पडत नसे. वखराला वा बंडीला लागणारी बाभूळ शेतकरी स्वतः आणून टाकी; सुताराने हत्यार चालवावे आणि सुगीत बलुते न्यावे. लाकूड दुसऱ्याचे, कसब आपले. पुढे कारागीर दुकानदार झाला, आणि लाकडाबरोबर त्याची विवंचनाही त्याच्या दारी आली.

मेळघाटातील साग परतवाड्याच्या बाजारातून आणला, तरी तो ओला असल्यास लगेच कामाचा नसतो. इंचभर जाडीच्या फळीस उघड्या हवेत सुमारे १ वर्ष वाळू द्यावे, असा जुना ठोकताळा आहे. फळ्यांमध्ये आडव्या पट्ट्या घालून, हवा खेळती राहील अशी थप्पी रचावी लागते. ओल्या लाकडाचे दार पुढे वाकते, सांधे सुटतात. तेव्हा जो सुतार काहीच साठवीत नाही, त्याच्यावर गिऱ्हाइकाला फसविण्याचा प्रसंग येतो. येथे अपरिग्रह हा सद्गुण उरत नाही.

परंतु बेसुमार थप्पीही फसवणूकच करते. दारासाठी एकाने दिलेला इसार स्वस्तात मिळालेल्या सागात अडकतो; आणि आठवडाभर रंधा मारणाऱ्या मजुराला शनिवारी ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ हे उत्तर मिळते. भाव चढण्यापूर्वी माल घेणे ही दूरदृष्टी नव्हे काय, असे कोणी विचारील. आहे, पण ती स्वतःच्या पैशाने दाखवावी, मजुराच्या चुलीवर नव्हे. कोपऱ्यातील तुकडे ‘कधीतरी लागतील’ म्हणून राहतात आणि शेवटी वाळवीच्या उपयोगी पडतात.

म्हणून थप्पीवर गेरूने तारीख घालावी, वहीत आवक, खर्च व शिल्लक मांडावी, आधी आलेले आधी वापरावे. हा केवळ व्यापाराचा नियम नव्हे. जे मोजले नाही त्याची जबाबदारीही माणूस मानीत नाही.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांजवळ गाडगे आणि खराटा याखेरीज स्वतःचे असे फारसे काही नव्हते. तरीही १९५६ साली निधन होण्यापूर्वी त्यांनी धर्मशाळा उभारल्या, आणि धर्मशाळा काही साहित्य जमविल्यावाचून उभी राहत नाही. त्यांचा त्याग वस्तूंचा नव्हता, त्यांवरील स्वामित्वाचा होता.

सुतारालाही हाच दाखला पुरेसा आहे. किती ठेवले, यापेक्षा कोणासाठी आणि कोठवर ठेवले, हे महत्त्वाचे. ज्या फळीविषयी या दोन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, ती दुकानात असली तरी मालकाची नव्हे.