सुखी न होण्याची शपथ

गेल्या वर्षी बोनस मिळाला तेव्हा मी सेकंडहँड बुलेट घेतली. पंच्याऐंशी हजारांना. पुण्याहून इचलकरंजीला घरी जातो तेव्हा ती आमच्या गल्लीच्या आधीच्या वळणावर बंद करायचो आणि ढकलत ढकलत मागच्या बोळात नेऊन लावायचो. जवळजवळ दोनशे किलोची गाडी, वर पाठीला लॅपटॉपची बॅग. घामाघूम होऊन घरात शिरलो की आई विचारायची, ‘एसटीला गर्दी होती काय रे?’ मी ‘हो’ म्हणायचो.

कारण आमच्या घरासमोर जॉबरकाका राहतात. पप्पांचे आठ यंत्रमाग होते, तेव्हा ते बिघडले की दुरुस्त करायला काकाच यायचे. लॉकडाऊनच्या आधी धंदा बसत चालला, तेव्हा सुताचं बिल भागवायला पप्पांनी त्यांच्याकडून दीड लाख घेतले. पोरीच्या लग्नासाठी साठवलेले. पुढे २०२०मध्ये माग भंगारात गेले, किलोच्या भावानं. ज्या मागांच्या खटखटीत मी दहावीचा अभ्यास केला, ते वजनकाट्यावर चढताना पाहिले. पप्पा आता दुसऱ्याच्या कारखान्यात दिवाणजी आहेत. काकांचे पैसे मी महिन्याला पाच हजार असे फेडतो. बुलेट घेतली तेव्हा नव्वद हजार बाकी होते.

हिशेब तुमच्याही लक्षात आला असेल. माझ्याही आला होता. म्हणून तर ढकलत नेत होतो.

हे सगळं सांगायचं कारण एक कोरियन मालिका. ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’. २०२२मध्ये आली, सोळा भाग. पहिल्यांदा पाहिली ती वाकडच्या फ्लॅटवर, रूममेटच्या आग्रहाखातर आणि ‘चला, रडायला बसा’ अशी टिंगल करत. गेल्या वर्षी पुन्हा पाहिली, एकट्यानं, हेडफोन लावून. पुढे कथानक उघड होणार आहे. ज्यांना पाहायची आहे त्यांनी आधी पाहून घ्या, लेख कुठे जात नाही.

*

मालिका वरवर प्रेमकथा आहे. तलवारबाजी खेळणारी शाळकरी मुलगी ना ही-दो आणि तिच्याहून चार वर्षांनी मोठा बेक यी-जिन. शीर्षकातले आकडे म्हणजे दोघं प्रेमात आहेत तेव्हाची त्यांची वयं, तो पंचवीसचा आणि ती एकवीसची. पण गोष्ट सुरू होते १९९८मध्ये, आणि ते साल उगाच निवडलेलं नाही.

१९९७च्या शेवटी दक्षिण कोरियाची परकीय गंगाजळी आटली. नोव्हेंबरमध्ये सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या, म्हणजे आयएमएफच्या दारात उभं राहावं लागलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला करार झाला. मोठे उद्योगसमूह कर्जाखाली कोसळले, बँका बुडाल्या, जन्मभराची समजली जाणारी नोकरी एका चिठ्ठीवर संपू लागली. तिथले लोक आजही त्या काळाला नुसतं ‘आयएमएफ’ म्हणतात, आपल्याकडे जुनी माणसं ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात तसं. १९९८च्या सुरुवातीला लोकांनी देशाचं कर्ज फेडायला घरातलं सोनं आणून दिलं. लग्नाच्या अंगठ्या, बाळांच्या पहिल्या वाढदिवसाला आलेल्या अंगठ्या, खेळाडूंची पदकं. सुमारे पस्तीस लाख लोकांनी मिळून दोनशे टनांहून अधिक सोनं गोळा केलं.

हे वाचलं तेव्हा मला आईच्या पाटल्या आठवल्या. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी त्या गहाण पडल्या आणि परत आल्याच नाहीत. देशाचं कर्ज आणि घरचं कर्ज यांत फरक आहेच. पण सोनं काढून देणाऱ्या बाईचा रिकामा हात दोन्हीकडे सारखाच दिसत असणार.

ही-दोच्या शाळेचा तलवारबाजीचा संघ या मंदीत बंद होतो. तिची काही चूक नसते. तिचे प्रशिक्षक तिला सांगतात, तुझं स्वप्न मी हिसकावलेलं नाही, काळानं हिसकावलंय. यी-जिनच्या वडिलांची कंपनी बुडते. आईवडील कर्जबाजारीपणातून वाट काढायला कागदोपत्री वेगळे होतात, वडील भूमिगत होतात. कॉलेज आणि स्वतःची गाडी असलेला हा मुलगा भाड्याच्या खोलीत राहून पहाटे वर्तमानपत्रं टाकतो आणि दिवसा कॉमिक्स भाड्यानं देणाऱ्या दुकानात बसतो.

आणि एका रात्री वडिलांचे घेणेकरी त्याच्या दाराशी येतात.

हिंदी सिनेमातल्यासारखे गुंड नाहीत ते. मध्यमवयीन, थकलेली माणसं आहेत. त्यांचे स्वतःचे संसार उद्ध्वस्त झालेत. बाप सापडत नाही म्हणून ते मुलाला गाठतात. यी-जिनकडे द्यायला काहीच नसतं. तो मान खाली घालून त्यांना एकच गोष्ट देतो. वचन. मी कधीही सुखी होणार नाही, तुमचं दुःख आठवत जगेन, एक क्षणही आनंदात राहणार नाही.

पहिल्यांदा पाहताना मला हा प्रसंग भयंकर उदात्त वाटला होता. दुसऱ्या वेळी प्रश्न पडला की त्या माणसांना यातून मिळालं काय? त्याच्या दुःखाचं कुठे चलन होत नाही. ते बँकेत भरता येत नाही, त्यातून कुणाच्या पोराची फी जात नाही. तरीही ती माणसं ऐकतात आणि निघून जातात, आणि ते खोटं वाटत नाही. कारण पैशाइतकंच त्यांना आणखी काहीतरी हवं असतं. आपलं जे गेलं ते गेलं, हे कुणीतरी मान्य करावं. आपण बुडालो आणि बुडवणाऱ्याचं पोरगं मजेत फिरतंय, असं जग असू नये, एवढीच त्यांची मागणी असते. ती मला अन्यायाची वाटत नाही.

म्हणजे सुखाच्याही बाजूनं बोलता येतं आणि शपथेच्याही. या पेचातून मालिका जी वाट काढते, तिच्यामुळे मी तिच्या प्रेमात पडलो. ही-दोनं हे सगळं आडून ऐकलेलं असतं. ती त्याला ‘विसर रे ते’ असं सांगत नाही. रात्री आपल्या शाळेत नेते, नळांच्या तोट्या उलट्या करून पाण्याची कारंजी उडवते. आणि म्हणते, आपण दोघं असू तेव्हा त्यांच्या नकळत, थोडा वेळ सुखी होऊ. शपथ मोडायची नाही, फक्त तिला एक छोटी सुट्टी द्यायची.

अठरा वर्षांच्या मुलीनं काढलेला तोडगा आहे आणि त्या वयाला शोभेल इतका सुंदर आहे. माझ्या पिढीतले कितीतरी जण याच तोडग्यावर जगतात. लडाखची ट्रिप इन्स्टावर टाकताना घरचे नातेवाईक ‘हाइड’ करायचे. नवीन फोन घरी नेताना जुनं कव्हर घालायचं. तीनशे रुपयांची कॉफी पिताना मनात हिशेब करायचा की आई एवढ्यात आठवड्याची भाजी आणते. आम्ही गुपचूप सुखी आहोत. ते सुख चोरीच्या आंब्यासारखं असतं, गोड पण घाईघाईत खाल्लेलं.

*

मालिका इथंच थांबली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पुढे यी-जिन पत्रकार होतो. पदवी नसलेल्यांनाही संधी मिळते तेव्हा तो एका वाहिनीत शिरतो. ही-दो आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकते. दोघं प्रेमात पडतात, एकमेकांना बळ देतात. मग सप्टेंबर २००१मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळतात आणि यी-जिनला तिथं वार्तांकनाला पाठवलं जातं. तो जे पाहतो ते त्याला पेलत नाही. पण फोनवर ही-दोला तो त्यातलं फारसं सांगत नाही. नंतर तो तिथलाच प्रतिनिधी व्हायचं ठरवतो. फोन कमी होतात आणि जे होतात त्यांत ‘सॉरी’ हा शब्द वाढत जातो. ही-दोची आई वृत्तनिवेदिका, कायम कामात. वाट पाहणं म्हणजे काय हे ही-दोला लहानपणापासून माहीत. पुन्हा तेच आयुष्य नको म्हणून ती थांबते. दोघं वेगळे होतात. काही वर्षांनी तो वृत्तनिवेदक म्हणून तिची मुलाखत घेतो आणि सर्वांसमोर तिच्या लग्नाबद्दल तिचं अभिनंदन करतो.

शेवट पाहून आमच्या फ्लॅटमध्ये भांडण झालं होतं. सोळा भाग बघितले ते यासाठी? खरं तर मालिकेनं पहिल्या भागातच सांगून ठेवलं होतं. ही सगळी गोष्ट ही-दोची मुलगी आईच्या जुन्या डायऱ्यांत वाचत असते आणि तिचं आडनाव किम आहे, बेक नाही.

दुसऱ्या वेळी पाहताना मला वाटलं की हा शेवट त्या नळांच्या कारंज्यातच होता. सुख वाटून घ्यायची सवय त्या रात्री लागली. दुःख मात्र त्यानं शपथेसारखं एकट्याकडेच ठेवलं. घेणेकऱ्यांसमोर मान खाली घालून उभा राहिलेला मुलगा न्यूयॉर्कमध्येही तसाच उभा होता. लोकांचं दुःख आठवत, एकटा. जवळच्या माणसाला त्यात घेणं म्हणजे तिच्यावर ओझं टाकणं, असं त्याला वाटत राहिलं. आणि ही-दोला नेमकं ते ओझंच हवं होतं.

हे मला कळलं कारण मी हेच केलंय. कॉलेजपासून एक मैत्रीण होती, पुढे मैत्रिणीपेक्षा जास्त. माग विकले गेले त्या आठवड्यात तिचे अकरा मिस्ड कॉल होते. मी मेसेज केला, ‘रिलीज आहे, नंतर बोलू.’ पुढची दोन वर्षं माझ्याकडे कायम रिलीज होता. जाताना ती म्हणाली, ‘तू मला फक्त चांगल्या बातम्या सांगतोस. मी काय तुझी एचआर आहे?’ तेव्हा मला राग आला होता. मी तिला त्रासापासून वाचवत होतो ना! आता वाटतं, मी वाचवत होतो ते स्वतःचं चित्र. सगळं एकट्यानं पेलणारा कर्ता मुलगा. त्या चित्रात दुसऱ्या कुणाला उभं राहायला जागाच नव्हती.

मोठं होणं म्हणजे जबाबदारी घेणं, हे आपल्याला घरी आणि शाळेत सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण जबाबदारी आणि शपथ यांत मी गल्लत करत होतो. जबाबदारीला हिशेब असतो. दीड लाख, महिन्याला पाच हजार, अमुक तारखेला संपणार. शपथेला हिशेब नसतो. दुःखी राहून किती फिटलं आणि किती उरलं, हे कधीच कळत नाही, म्हणून ती संपत नाही. वाईट म्हणजे शपथ पाळण्याच्या नादात हिशेबाकडे दुर्लक्ष होतं. मनातून इतका अपराधी वाटत होतो, की त्यालाच मी हप्ता समजत होतो. बुलेट घेताना काकांना विचारायचं मला सुचलं नाही. त्यांच्या समोर ती न्यायची नाही, एवढंच सुचलं.

इथं ही-दोच्या तोडग्याशी माझं पटेनासं होतं. घेणेकऱ्याच्या नकळत सुखी होणं ही सुरुवात म्हणून ठीक आहे, अठराव्या वर्षी दुसरं काय हातात असतं? पण अठ्ठाविसाव्या वर्षी ती लपवाछपवी होते. मी गाडी बोळात लावत होतो तेव्हा काकांचा एक हक्क काढून घेत होतो. ‘आधी माझे पैसे दे,’ असं म्हणण्याचा हक्क.

*

दिवाळीत मी गाडी ढकलली नाही. चालू ठेवूनच गल्लीत आलो आणि काकांच्या दारात थांबलो. पाय कापत होते म्हटलं तर हसाल. काका पायरीवर तंबाखू मळत बसले होते. मी म्हणालो, ‘काका, तुमचे पैसे बाकी असताना ही गाडी घेतली. चुकलं.’

ते जरा वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘घेतलीस तवाच कळलंय. बुलेटचा आवाज चौकापासनं येतोय लेका, वळणावर बंद करून काय हुतंय?’

मी गप्प. ते पुढे म्हणाले, ‘मला राग आला हुता. खोटं कशाला बोलू? पोरीचं लगीन उसनवारी करून केलं मी. पण हप्ता चुकला न्हाई तुझा.’ थोडं थांबून, ‘वाढवता येतोय काय जरा?’

येत होता. पाचाचे दहा केले. आधीही करता आले असते, ते त्यांनी म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. उठताना ते म्हणाले, ‘आन् गाडी तिकडं बोळात लावू नको. ऊन लागून सीट फाटतंय. हितं लाव, झाडाखाली.’

याला माफी म्हणायचं का, मला माहीत नाही. त्यांना आलेला राग खरा होता आणि तो कुठे गेला असेल असं मी धरून चालत नाही. फक्त आता तो राग आणि माझी गाडी एकाच अंगणात उभे आहेत.

घरात गेलो तर आई दारातच होती, तिनं सगळं पाहिलं होतं. ‘म्हणजे एसटीला गर्दी नव्हती तर,’ ती म्हणाली. संध्याकाळी तिला मागे बसवून पंचगंगेच्या घाटावर घेऊन गेलो. वाटेत पप्पांच्या जुन्या कारखान्याची शेड लागते. तिथं आता गोडाऊन आहे. मी वेग वाढवणार होतो, तर आईनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘थांब जरा.’ आम्ही दोघं थांबलो. माग गेल्यावर ती कशी रडली होती ते तिनं मला पहिल्यांदा सांगितलं. मग मीही सांगितलं.