शिकवल्याचं ऋण

आमच्या शिरगावातला एक पोरगा नौदलात आर्टिफिसर आहे, म्हणजे जहाजाच्या इंजिनाचा कारागीर. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकला. त्याची पहिली मुदत 20 वर्षांची, ती आता संपतेय. वरचे म्हणतात मुदत वाढवून घे, बाहेर व्यापारी जहाजावर पगार जास्त. आमच्या पारावर मात्र निकाल लागून गेला : "सरकारनं फुकट शिकवलं आणि ऐन कामाचा झाला तर हा चालला!"

हे मला पटत नाही. आपल्या जिल्ह्यानं लग्नगडी पाहिलाय. लग्नासाठी घेतलेल्या पैशापायी आदिवासी माणूस सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षं राबायचा, फिटलं किती ते सावकारच सांगणार. 1976 च्या कायद्यानं वेठबिगारी बंद केली. शिकवलं म्हणून कायमचा बांधील, हा हिशोब मला त्याच वहीतला वाटतो. पोरानं 20 वर्षं कबूल केली, ती पुरी केली.

पण नौदलाची अडचणही खरी. चिकूचं कलम आम्ही रायणीच्या खुंटावर बांधतो. बांधणाऱ्याचा हात बसायला तीन-चार पावसाळे जातात, तोवर कलमं मरतात, ती मालकानं सोसायची. तरी मला दुसऱ्या गावचा जाणता गडी आणता येतो. युद्धनौकेच्या इंजिनखोलीतला जाणता कुठून आणणार? आवाजावरून बिघाड ओळखणारा वीस वर्षांचा माणूस गेला, की तसा दुसरा व्हायला वीस वर्षंच लागतात.

मग 2022 पासून आलेल्या अग्निपथचं काय म्हणायचं? चार वर्षं, शिकणं त्यातच, आणि पुढं शंभरातले फार तर पंचवीस ठेवायचे. बाकीचे सेवानिधी घेऊन घरी. हात बसला न बसला तोच सुटका. सरकारनं सोडलं तर ती योजना आणि माणसानं सोडलं तर बेइमानी, हे कसं काय?

जाणता गडी उचल देऊन टिकत नाही. उचलीत अडकलेला मनानं कधीच गेलेला असतो. पावसाआधी त्याचं छप्पर शाकारलंय का, पोरं शाळेत जातात का, हे मालकानं विचारलं तर तो राहतो. मग मजुरी थोडी कमी असली तरी चालवून घेतो. थोडीच, हं!

त्या पोराला मी विचारलं, किती मिळाले तर राहशील?

"काका, पैशाचं नंतर बघू. पोरगी दहावीला आहे. दोन वर्षं मुंबईलाच ठेवतील, असं कुणी लिहून देईल का?"

त्याचा अर्ज अजून घरातच आहे.