पहिली नजर, दुसरी नजर

रस्त्याने जाताना काही चमकले की आपण ठरवण्याआधीच डोळे तिकडे वळतात. प्रत्येक डोळ्याला फिरवणारे सहा स्नायू असतात. मध्यमेंदूतील एका लहानशा केंद्राकडून इशारा निघतो आणि साधारण सेकंदाच्या पाचव्या भागात नजर हलते. ती तेथेच खिळवायची की काढून घ्यायची, हे मात्र कपाळामागील मेंदूच्या हाती असते. १९७८ साली हॅलेट या संशोधकाने लोकांना सांगितले, की ठिपका दिसताच त्याच्या विरुद्ध बाजूस पाहा. अशा चाचणीत निरोगी माणसांचेही डोळे कधीकधी आधी ठिपक्याकडेच धावतात. लहान मुलांकडून ही चूक वारंवार होते, कारण मेंदूचा तो भाग सावकाश परिपक्व होतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना एका नजरेमागे दुसरी नजर लावण्यापासून रोखले होते, अवचित पडलेली पहिली माफ, दुसरी नाही. या शिकवणीला प्रयोगशाळेच्या दाखल्याची मुळीच गरज नाही. पण आपण बारा वर्षांच्या मुलाला पहिल्याच नजरेसाठी दटावतो, हा कुठला न्याय?

सूरह नूरमध्ये नजर आवरण्याचा आदेश आधी श्रद्धावंत पुरुषांना (आयत ३०) आणि त्यानंतर स्त्रियांना (आयत ३१) आहे. आपल्या घरांत मात्र तो बहुधा मुलीलाच ऐकवला जातो, आणि ऐकवणाऱ्या बापाची दहावी नजर त्या वेळी मोबाईलवर खिळलेली असते.