कार्यशाळेनंतरचे चार महिने

'संगाथ' ही 1996 साली गोव्यात सुरू झालेली संस्था. नैराश्य आणि दारूचा अतिरेक यांवर समुपदेशन करण्यासाठी तिने मानसशास्त्राची पदवी नसलेली स्थानिक माणसे तयार केली. ही माणसे प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुग्णांशी बोलत. ते बोलणे ध्वनिमुद्रित केले जाई, नंतर गट एकत्र बसून ते ऐके आणि ठरलेल्या मोजपट्टीवर सहकारीच एकमेकांना गुण देत. तज्ज्ञांनीही तीच मुद्रणे ऐकून गुण दिले, तेव्हा दोन्हींमध्ये बऱ्यापैकी मेळ दिसला. हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. आपले काम दुसऱ्याने ऐकायचे, आणि तेही नेमाने, ही तिथल्या शिक्षणाची मुख्य रीत होती.

आपल्या शाळांमधल्या समुपदेशकांच्या वाट्याला नेमके हेच येत नाही. बहुतेक शाळांत समुपदेशक एकच असतो. शिक्षकांच्या खोलीत त्याला विषयबंधू नसतो, मुख्याध्यापकांना त्याच्या कामातले बारकावे ठाऊक नसतात, आणि गोपनीयतेमुळे घरीही काही बोलता येत नाही. एखाद्या मुलीच्या हातावरचे ब्लेडचे वण पाहिल्यावर आपण जे बोललो ते बरोबर होते का, हे विचारायला त्याच्याजवळ कोणी नसते. वर कोणी शिक्षक रजेवर गेला की प्रॉक्सी तास त्याच्याकडे येतो, कारण त्याचे वेळापत्रक 'मोकळे' दिसते.

नेमणुकीच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत बरेच घडले. सीबीएसईच्या 2018 च्या संलग्नता नियमांनी नववी ते बारावीत 300 हून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळांकडून पूर्णवेळ समुपदेशकाची अपेक्षा केली. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण मिळावे, असे त्यांत म्हटले आहे. वर्गशिक्षकाला धोक्याची चिन्हे ओळखता यावीत यासाठी वर्षाला दोन प्रशिक्षणे उपयोगी पडतील. पण वर्गशिक्षक ज्याच्याकडे मूल पाठवणार, त्या समुपदेशकाचे पुढचे शिक्षण कसे व्हावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. सध्या त्याचे उत्तर ठरलेले आहे: कार्यशाळा, चहा, गटचर्चा, प्रमाणपत्र.

कार्यशाळेने काय साधते, हे मोजले गेले आहे. अमेरिकेत विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी व्यसनमुक्ती क्षेत्रातल्या 140 व्यावसायिकांवर केलेला प्रयोग 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता माणसाला बदलासाठी आतून प्रवृत्त करणारी मुलाखत घेण्याचे कौशल्य. काहींना फक्त कार्यशाळा मिळाली. काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्या प्रत्यक्ष मुलाखतींवर अभिप्राय मिळाला, काहींना फोनवरून मार्गदर्शन, काहींना दोन्ही. कार्यशाळा संपली तेव्हा सुधारणा दिसत होती. चार महिन्यांनी मात्र फक्त कार्यशाळा केलेल्यांची कमाई ओसरू लागली होती, आणि अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांनी ती टिकवली होती.

मग अनुभवाने माणूस आपोआप तयार होतो का? तेही नाही. तिथल्याच 170 मानसोपचारकांचा आणि त्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षे वाढली तशी उपचारांची फलश्रुती सरासरीने वाढली नव्हती, उलट किंचित घटली होती. यामागचे एक कारण समजण्याजोगे आहे. शस्त्रक्रिया चुकली तर सर्जनला कळते. समुपदेशकाचे चुकते तेव्हा मूल फक्त पुन्हा येत नाही, आणि न येण्याचा अर्थ 'बरे झाले' असाही लावता येतो.

चुकीची किंमत किती असू शकते, हे पोक्सो कायद्याच्या संदर्भात सर्वांत स्पष्ट दिसते. 2012 च्या या कायद्याचे कलम 19 सांगते की बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याचे कळल्यास किंवा तो होण्याची धास्ती वाटल्यास ती माहिती पोलिसांना दिलीच पाहिजे. न दिल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखांसाठी ती अधिक आहे. 2024 साली बदलापूरच्या प्रकरणात शाळेच्या विश्वस्तांवरही माहिती न दिल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. हे सगळे प्रशिक्षणाच्या स्लाइडवर दहा मिनिटांत सांगून होते. आता सतरा वर्षांची मुलगी समोर बसली आहे. ती आपल्या प्रियकराबद्दल बोलते, कुणालाही सांगू नका म्हणते. कायद्यात संमतीचे वय अठरा आहे, म्हणजे तिच्या लेखी जे प्रेम आहे ते कायद्याच्या लेखी गुन्हा ठरू शकते. कळवले तर ती पुन्हा कुणावर विश्वास ठेवेल की नाही सांगता येत नाही, घरी तिचे काय होईल तेही नाही. न कळवणे हा स्वतःच गुन्हा. जाणता समुपदेशक पहिल्याच भेटीत, मूल काही सांगण्याआधीच, गोपनीयतेच्या मर्यादा त्याला समजेल अशा भाषेत सांगून ठेवतो. कोणते शब्द वापरायचे, कोणत्या क्षणी थांबायचे, कळवायची वेळ आलीच तर मुलीला आधी विश्वासात कसे घ्यायचे, हे व्याख्यानातून येत नाही. ज्याने असे प्रसंग हाताळले आहेत त्याच्यासमोर आपला प्रसंग मांडून, त्याच्याशी वाद घालून ते येते. कायदा काय म्हणतो यात तडजोड नाही; ते पाळताना मुलीचा हात न सोडणे हे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते.

एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम या दृष्टीने बरा घडवलेला आहे: आधी दूरस्थ शिक्षण, मग प्रत्यक्ष वर्ग, मग अंतर्वासिता. शेवटच्या टप्प्यात कामावर कुणाची तरी नजर असते. नोकरी लागली की ती संपते. ब्रिटनमधील समुपदेशकांची व्यावसायिक संघटना बीएसीपी आपल्या अधिस्वीकृत सदस्यांकडून, ते कितीही अनुभवी असले तरी, महिन्याला किमान दीड तास पर्यवेक्षणाची अपेक्षा करते. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सुचवला. हे तास ऑनलाइन व्याख्याने पाहून भरता येतात आणि भरलेही जातात. त्यांतले अठरा तास जरी केसवरच्या चर्चेसाठी राखले, तरी ब्रिटनच्या त्या दीड तासाची बरोबरी होते.

मात्र शिक्षण कितीही चांगले दिले, तरी ते वापरायला मोकळीक हवी. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या 74 माध्यमिक शाळांमधला 'सेहेर' प्रकल्प हेच सुचवतो. काही शाळांत स्वतंत्र समुपदेशक नेमले, काहींत तेच काम शिक्षकांवर सोपवले. 'लॅन्सेट'मध्ये 2018 साली आलेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य आणि दांडगाई घटली. शिक्षकांच्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. 'शिक्षकांनाच प्रशिक्षण द्या, तेच समुपदेशन करतील' हा स्वस्त उपाय महाराष्ट्रात वारंवार सुचवला जातो, आणि तो सुचवणाऱ्यांनी नालंदाचा हा अनुभव जरूर वाचावा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, समुपदेशकाची नाही. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेतल्या मुलापर्यंत हा सगळा विचार पोहोचायचा तर सुरुवात तिथून करावी लागेल.

जे समुपदेशक आज कामावर आहेत त्यांच्यासाठी मात्र थांबण्याचे कारण नाही. प्राथमिक शिक्षकांची केंद्र पातळीवरची शिक्षण परिषद महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली आहे. त्याच धर्तीवर तालुक्यातल्या किंवा महापालिकेच्या एका प्रभागातल्या सहा-आठ समुपदेशकांनी महिन्यातून अर्धा दिवस एकत्र बसावे. प्रत्येकाने एक केस आणावी, मुलाचे आणि शाळेचे नाव काढून. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला मानसशास्त्रज्ञ किंवा जवळच्या महाविद्यालयातला अनुभवी प्राध्यापक सोबत असावा, त्याला मानधन मिळावे. मुख्याध्यापकांनी या बैठकीचा अहवाल मागू नये. उपस्थितीची नोंद पुरे. आणि तो अर्धा दिवस हजेरीपटावर कर्तव्यावर म्हणूनच लागला पाहिजे. तो रजेतून कापला गेला, तर तिसऱ्या महिन्यापासून बैठकीला कोणी येणार नाही.